सॅटर्न : गिऱ्हाईक होतं, पुढची गाडी नव्हती

ओल्ड्समोबाइल २००४ मध्ये बंद झाली तेव्हा तिचं गिऱ्हाईक म्हातारं झालं होतं. प्लिमथ २००१ मध्ये गेली तेव्हा ती डॉजपेक्षा नक्की कशात वेगळी, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. अमेरिकेतले मोटारींचे ब्रँड बहुधा असेच जातात. आधी लोकांच्या मनातून उतरतात, मग कारखान्यातून. जनरल मोटर्सच्या (जीएम) सॅटर्नचं प्रकरण उफराटं आहे. या गाडीचे मालक सुट्टी टाकून, पदरचं पेट्रोल जाळून, शेकडो मैलांवरून तिचा कारखाना बघायला आले होते. तरीही पहिल्या गाडीपासून वीस वर्षांत शोरूमवरच्या पाट्या उतरल्या.

याचं खापर बहुतेक जण २००८-०९ च्या मंदीवर नाहीतर जीएमच्या बाबूगिरीवर फोडतात. दोन्हींत तथ्य आहे, पण त्याने उलगडा होत नाही. मला मेख दुसरीकडेच दिसते. पहिली सॅटर्न घेऊन खूश झालेला माणूस पाच-सहा वर्षांनी त्याच शोरूममध्ये परत आला, तेव्हा त्याला दाखवायला तिथे काही नव्हतं. दरम्यान त्याचं लग्न झालेलं, दोन मुलं झालेली, मोठी गाडी हवी. आणि समोर तीच छोटी गाडी, फार तर नव्या रंगात. हे नऊ वर्षं चाललं. पुढचं सगळं त्यातून आलं.

वेगळी चूल

सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर होंडा, टोयोटा, डॅटसनच्या छोट्या गाड्या अमेरिकेत धडाक्यात खपायला लागल्या. छोटी गाडी फायद्यात बनवणं जीएमला जमेना. जपान्यांना तशीच गाडी स्वस्त पडे आणि ती बिघडेही कमी. १९८२ मध्ये कंपनीत या प्रश्नाचा नव्याने विचार सुरू झाला. अंतराळ शर्यतीतल्या रॉकेटवरून प्रकल्पाचं नाव सॅटर्न पडलं आणि जानेवारी १९८५ मध्ये अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी स्वतंत्र उपकंपनीच जाहीर केली. तोवर जीएमचे आणि युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेचे मिळून ९९ जण ठिकठिकाणचे कारखाने पालथे घालून, मोटारीचा कारखाना अगदी पहिल्यापासून उभा करायचा झाला तर कसा करावा, याचा आराखडा घेऊन आले होते.

त्यांनी सुचवलेलं बरंचसं जीएमने मान्य केलं, हेच मोठं आश्चर्य. टेनेसीत, नॅशव्हिलच्या दक्षिणेला, स्प्रिंग हिल नावाच्या जेमतेम हजार वस्तीच्या गावाबाहेर शेतजमिनीवर कारखाना आला. कामगार करार वेगळा झाला आणि तो इतका आटोपशीर की एका छोट्या पुस्तिकेत मावे. इतर कारखान्यांतले करार जाडजूड ग्रंथ असत. मूळ पगार कमी, वरचा भाग दर्जा आणि उत्पादनावर अवलंबून. पण बहुसंख्य कामगारांना नोकरकपातीपासून संरक्षण. निर्णय कामगारांचे गट सहमतीने घेत. नियम असा, की ७० टक्के पटलं असेल तर १०० टक्के साथ द्यायची, नंतर कुरकुर नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभांना हा नियम लावून बघायला हरकत नाही.

३० जुलै १९९० ला पहिली गाडी बाहेर पडली. स्मिथ आणि संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी ती मिळून बाहेर काढली. स्मिथ यांची निवृत्ती अगदी तोंडावर होती, आणि या पोराचे लाड करणारा वडीलधारा त्याच आठवड्यात घर सोडून गेला. त्यानंतर जीएमच्या मुख्यालयात सॅटर्नला आपलं म्हणणारं वजनदार माणूस उरलं नाही. शेव्हरोले, पाँटिअ‍ॅक, ब्युइक या जीएमच्याच ब्रँडवाल्यांच्या दृष्टीने तर ती त्यांच्या वाटणीचे पैसे खाणारी धाकटी होती. गाडीवर आणि सुरुवातीच्या जाहिरातींत जीएमचं नावही दिसणार नाही, अशी काळजी घेतलेली. ते भावंडांना किती झोंबलं असेल, याचा अंदाज करता येतो.

गाडी कशी होती

सॅटर्नची ही पहिली गाडी, एस-मालिका, गाडी म्हणून थोर नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. १.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. साध्या आवृत्तीत ८५ अश्वशक्ती, दोन कॅमशाफ्टवालीत १२४. टायमिंग बेल्टऐवजी चेन, त्यामुळे ठरावीक अंतराला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. मॅन्युअल गिअरची साधी सेडान हायवेवर लिटरला १६-१७ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज सहज देई. पण इंजिनाचा आवाज कर्कश. वेग वाढला की घरघर केबिनमध्ये येई, आणि होंडा सिविक चालवून आलेल्याला ती लगेच जाणवे.

वेगळेपणा होता बाहेरच्या अंगात. बोनट, छत आणि डिकीचं झाकण पोलादी. दारं, फेंडर, मागच्या बाजू मात्र प्लास्टिकच्या, आतल्या पोलादी सांगाड्यावर बोल्टने बसवलेल्या. शोरूममध्ये दाराच्या पॅनेलवर लाथ-बुक्की हाणून दाखवण्याचा प्रयोग चाले. पॅनेल आत दबे आणि तसंच्या तसं परत येई. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सामानाची ट्रॉली आपटली, शेजारच्या गाडीचं दार लागलं, तरी डेंट नाही. मालकांच्या बोलण्यात ही गोष्ट वीस वर्षांनंतरही पहिली निघते. याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागे. प्लास्टिक उन्हाने प्रसरण पावतं, म्हणून दोन पॅनेलमधली फट नजरेत भरेल इतकी रुंद ठेवलेली. जपानी गाड्यांची बारीक, सारखी फट पाहिलेल्यांना सॅटर्न ढिली जुळवल्यासारखी वाटे.

तेलाचं दुखणं सर्वांत प्रसिद्ध. गाडी लाखभर मैलांच्या आसपास गेली की इंजिन ऑइल प्यायला लागे. पिस्टनवरून तेल खाली उतरवणाऱ्या रिंगांना पुरेशी वाट नव्हती. तिथे काजळी धरे, रिंगा अडकत आणि तेल जळून जाई. हजार मैलांना लिटरभर ऑइल हे अनेक मालकांनी नेहमीचंच धरलं होतं. पेट्रोल भरताना डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) ओढून बघायची, डिकीत एक कॅन ठेवायचा. ज्याने हे केलं त्याची गाडी दोन लाख मैलही गेली. ज्याने नाही केलं त्याचं इंजिन बसलं. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाच्या सेन्सरचं प्लास्टिकचं टोक तडकणं, इंजिनाचं वरचं माउंटिंग झिजून स्टिअरिंगपर्यंत थरथर येणं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रिव्हर्सला धाडकन आपटणं, ही बाकीची ठरलेली दुखणी. पहिल्या दोन्हींचा इलाज स्वस्त आणि घरच्या घरी करण्याजोगा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर बाहेरून, इंजिन ऑइलच्या फिल्टरसारखा फिरवून काढता येई. ही सोय त्या काळी दुर्मीळ होती, आणि स्वतः गाडीखाली शिरणारे लोक तिच्यावर फिदा असत.

म्हणजे साध्यासुध्या, मेहनती, थोड्या आवाजी गाडीबद्दल आपण बोलतोय. एवढ्यावर माणसं कारखान्याच्या यात्रेला जात नाहीत.

मग प्रेम कशावर

वागणुकीवर. अमेरिकेत गाडी घेणं हा तेव्हा त्रासाचा व्यवहार होता. सेल्समन एक आकडा सांगणार, तुम्ही दुसरा, तो 'मॅनेजरला विचारून येतो' म्हणून गायब होणार, आणि तासाभराने सही केली तरी शेजाऱ्याला हीच गाडी आपल्यापेक्षा स्वस्त मिळाली असेल ही रुखरुख राहणार. सॅटर्नने एकच भाव ठेवला. १९९१ च्या सर्वांत साध्या मॉडेलची किंमत ७,९९५ डॉलर म्हणजे ७,९९५ डॉलर. भाव न करता वस्तू घेणं म्हणजे फसणं, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कौतुक चटकन कळणार नाही. पण घासाघीस जमत नाही म्हणून किंवा एकटी बाई बघून जास्त पैसे लावले जातात, हे ज्यांनी भोगलं होतं, त्यांना ते लगेच कळलं.

हे जमलं ते निव्वळ सद्भावनेने नाही. सॅटर्नने एकेका विक्रेत्याला मोठा इलाखा दिला, म्हणजे पलीकडच्या चौकातला दुसरा सॅटर्नवाला भाव पाडायला नव्हताच. कल्पना गोड, पण तिच्याखालचा हिशेब पक्का. गाडी पसंत नाही पडली तर ३० दिवसांत किंवा १,५०० मैलांच्या आत परत घेण्याची हमी होती. किल्ली हातात देताना शोरूममधले झाडून सगळे लोक भोवती जमून टाळ्या वाजवत आणि गाडीबरोबर फोटो काढत. थोडं नाटकीच. अनेकांना लाजल्यासारखं होई, पण फोटो जपून ठेवत.

मग आल्या चुका, आणि खरी पत तिथे झाली. सुरुवातीच्या गाड्यांच्या पुढच्या सीटमध्ये दोष निघाला. अलास्कातल्या एका ग्राहक बाईंच्या आसपास शोरूमच नव्हतं, तेव्हा कंपनीने विमानाने माणूस पाठवून सीट बदलून दिली आणि त्यावर जाहिरात केली. १९९१ मध्ये पुरवठादाराकडून आलेलं सदोष कूलंट १,८०० हून अधिक गाड्यांत भरलं गेल्याचं लक्षात आलं, तर त्या गाड्या दुरुस्त करत बसण्याऐवजी ग्राहकांना थेट नव्या गाड्या देण्यात आल्या. जे. डी. पॉवर या ग्राहकांची पाहणी करणाऱ्या संस्थेच्या १९९२ च्या ग्राहक-समाधानाच्या क्रमवारीत सॅटर्न लेक्सस आणि इन्फिनिटीनंतर तिसरी आली. वरच्या दोन्ही श्रीमंतांच्या गाड्या, हे लक्षात घ्या.

जून १९९४ मध्ये कंपनीने मालकांना स्प्रिंग हिलला बोलावलं. सुमारे ४४,००० लोक आले, कारखान्यातून फिरले, आपली गाडी जुळवणाऱ्या कामगारांना भेटले. त्याच वर्षी विक्री २,८६,००० च्या वर गेली. इतकी ती पुन्हा कधीच झाली नाही.

उपासमारीची नऊ वर्षं

इथे जीएमची बाजूही मांडायला हवी. एका छोट्या गाडीसाठी वेगळा कारखाना, वेगळं इंजिन, वेगळी विक्रीयंत्रणा, हे सगळं ओतून सॅटर्न नफ्यात आली ती थेट १९९३ मध्ये, आणि तोही चालू खर्च भागवून उरलेला. मूळ भांडवल कधीच सुटलं नाही. इकडे १९९१ मध्ये जीएमला सुमारे साडेचार अब्ज डॉलरचा तोटा, १९९२ मध्ये निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची हिशेबी तरतूद धरून साडेतेवीस अब्जांचा. अशा वेळी बाकीच्या विभागांची मॉडेलं जुनाट झालेली असताना सॅटर्नला आणखी पैसे द्या, हे कोण ऐकणार? मुख्यालयातले हिशेबनीस मूर्ख नव्हते.

पण त्यांच्याच हिशेबाने बघितलं, तरी दोनच मार्ग सुसंगत होते. एवढा कारखाना आणि एवढी पत उभी केलीच आहे, तर तिच्यावर दुसरी, तिसरी गाडी काढून खर्च वाटून टाका. नाहीतर प्रयोग तिथेच थांबवा. जीएमने तिसरा काढला: बंद करायचं नाही आणि वाढूही द्यायचं नाही. १९९६ मध्ये सेडानचं बाहेरचं रूप बदललं, पुढच्या वर्षी कूपेचं, म्हणजे दोन दारांच्या गाडीचं; आतली गाडी तीच. १९९९ च्या कूपेला मागच्या सीटसाठी ड्रायव्हरच्या बाजूला जादा छोटं दार आलं. सोय झकास, पण दुसरी गाडी घ्यायला आलेल्या कुटुंबाला कूपे काय कामाची? नव्वदच्या दशकात पेट्रोल स्वस्त होतं आणि लोक एसयूव्हीकडे वळत होते. सॅटर्नकडे २००१ च्या अखेरपर्यंत एसयूव्ही नव्हती. विक्रेते गोडच बोलत राहिले, आणि तेच गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाऊन होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी घेऊन आलं.

गंमत म्हणजे याच काळात जीएमला स्वतःला विश्वासाची गरज पडली तेव्हा तिने सॅटर्नचंच दार ठोठावलं. १९९६ अखेर ईव्ही-१ ही विजेची गाडी भाडेकरारावर द्यायला निघाली, ती कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनातल्या सॅटर्न शोरूममधून. या विश्वासाची किंमत कंपनीला माहीत नव्हती, असं म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

मोठी गाडी आली ती १९९९ मध्ये: एल-मालिका, जीएमच्या तेव्हाच्या युरोपातल्या ओपेल कंपनीच्या व्हेक्ट्राच्या सांगाड्यावर बेतलेली, आणि स्प्रिंग हिलला नव्हे तर डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला बनणारी. ती वाईट नव्हती, पण अकॉर्ड सोडून घ्यावी असं तिच्यात काही नव्हतं. २००४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

उशिरा वाढलेलं ताट

एस-मालिकेच्या जागी २००२ च्या शेवटी आयन आली. जुन्या मालकांची सर्वांत मोठी निराशा हीच. वेग दाखवणारे काटे डॅशबोर्डच्या मधोमध, ड्रायव्हरला मान वळवून बघावे लागतील असे. आतलं प्लास्टिक स्वस्तातलं. आयन आणि व्ह्यू या एसयूव्हीच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत दिलेला सीव्हीटी (ठरावीक गिअरांशिवाय चालणारा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स इतका बिघडला की जीएमला त्याची वॉरंटी वाढवावी लागली. एरवी व्ह्यू बरी होती. २००४ पासून तिच्यात चक्क होंडाचं व्ही-६ इंजिन मिळे, आणि त्या गाड्यांचे मालक आजही फुशारकीने ते सांगतात. दरम्यान २००३ च्या अखेरीस स्प्रिंग हिलच्या कामगारांनी स्वतःचा वेगळा करार सोडून जीएमचा राष्ट्रीय करार स्वीकारला. वेगळी चूल तिथेच विझली. मार्च २००७ मध्ये तर त्या कारखान्यातून सॅटर्न बनणंच थांबलं.

आणि नेमकं आता जीएमने हात सैल सोडला. स्काय ही दोन सीटची उघडी गाडी, ऑरा, आउटलुक, नवी व्ह्यू, बेल्जियममधून आयात केलेली अ‍ॅस्ट्रा. दोन वर्षांत अख्खं शोरूम नवं. ऑरा २००७ ची 'नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर' ठरली. गाड्या म्हणून या सॅटर्नच्या सर्वोत्तम गाड्या, यात मला शंका नाही. पण सॅटर्न म्हणून त्यांच्यात काय उरलं होतं? ऑरा म्हणजे आतून शेव्हरोले मालिबूची बहीण, स्काय म्हणजे पाँटिअ‍ॅक सॉल्स्टिस, आउटलुक म्हणजे जीएमसी अकेडिया. प्लास्टिकची दारं गेली, पोलादी आली. नवी व्ह्यू ओपेल अंटाराच होती. भारतात ज्यांनी शेव्हरोले कॅप्टिवा पाहिली आहे, त्यांनी तिचं भावंड पाहिलं आहे. जुनं गिऱ्हाईक निघून गेलं होतं, आणि नव्याला सॅटर्न म्हणजे ती स्वस्तातली प्लास्टिकची गाडी एवढंच माहीत. २००८ मध्ये विक्री १,८८,००० च्या आसपास आली.

पेन्स्के यांचा सौदा

१ जून २००९ ला जीएमने दिवाळखोरी जाहीर केली आणि चारच दिवसांनी सॅटर्न रॉजर पेन्स्के यांच्या कंपनीला विकण्याचं ठरलं. पेन्स्के म्हणजे शर्यतीच्या मैदानातलं मोठं नाव, शिवाय गाड्यांच्या विक्रीतले मुरलेले व्यापारी. स्मार्ट ही चिमुकली गाडी अमेरिकेत तेच विकत. त्यांनी काय घ्यायचं ठरवलं, ते बघा: नाव, सुमारे ३५० विक्रेते आणि त्यांचं गिऱ्हाईक. कारखाना नको. सॅटर्नमध्ये जिवंत काय उरलं आहे, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. सुरुवातीची दोन-एक वर्षं जीएम ऑरा, व्ह्यू आणि आउटलुक बनवून देणार आणि तोवर दुसरा निर्माता शोधायचा, असा बेत होता. बोलणी रेनोशी चालली होती, गाड्या तिच्या कोरियातल्या कंपनीतून येण्याची शक्यता होती. रेनोच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबरला पेन्स्के यांनी सौदा सोडला. नाव, दुकानं, माणसं सगळं तयार, आणि पुढची गाडी कोण देणार याला उत्तर नाही. १९९५ मध्ये शोरूममधल्या सेल्समनकडे जे उत्तर नव्हतं, ते १४ वर्षांनी अब्जाधीशालाही मिळालं नाही. २०१० च्या ऑक्टोबरअखेर ब्रँड संपला.

वॉरंटी आणि सर्व्हिस जीएमच्या इतर डीलरांकडे गेली. जीएमने २०१७ अखेर भारतात शेव्हरोले विकणं थांबवलं, तेव्हा तळेगावच्या कारखान्यात बनलेल्या बीट आणि स्पार्कच्या मालकांना जे प्रश्न पडले, तेच सॅटर्नवाल्यांपुढे होते: पार्ट मिळत राहतील का, विकायला काढली तर कोण घेईल. आयनच्या मालकांना तर आणखी वाईट बातमी ऐकायची होती. २०१४ मध्ये जीएमने सुमारे २६ लाख छोट्या गाड्या इग्निशन स्विचच्या दोषासाठी परत बोलावल्या, त्यांत २००३ ते २००७ च्या आयन होत्या. चालत्या गाडीत किल्ली आपोआप फिरून इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. या स्विचची पहिली तक्रार कंपनीत २००१ मध्ये, आयनच्याच चाचण्यांत नोंदली गेली होती. कूलंटसाठी अख्ख्या गाड्या बदलून देणाऱ्या ब्रँडच्या नावावर ही नोंद आहे.

एस-मालिकेतल्या गाड्या अजून चालवणारे लोक आहेत. पार्टसाठी त्यांची मदार भंगार अड्ड्यांवर असते. पॅनेल बोल्टवर असल्याने एका गाडीचं दार किंवा फेंडर दुसरीला तासाभरात बसतं, मग निळ्या गाडीला लाल फेंडर दिसला तरी कुणाला खटकत नाही. कुणी अशी गाडी बघायला गेलंच, तर बाहेरच्या चकाकीवर जाऊ नये. प्लास्टिक गंजत नाही, आतला सांगाडा गंजतो. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून खालचा पोलाद आणि ब्रेकच्या नळ्या आधी बघाव्यात, आणि मग डिपस्टिक ओढावी.